पट्टा, पिंजरा आणि प्रवाशाचा जीव
जीपसारख्या वाहनांतील संरक्षक पिंजऱ्यावर गुंडाळता येणारे सीट बेल्ट बसविण्याचे शास्त्र

आपल्या राज्यात अशी अनेक गावे आहेत, की जेथे डांबरी रस्ता संपल्यानंतरच शासकीय कामाला खरी सुरुवात होते. मेळघाटातील आदिवासी वस्त्या, अक्राणीचे पाडे, भामरागडच्या जंगलातील गावे, सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाडे या ठिकाणी लसीकरणाचे पथक, वनरक्षक, मतदान पथक किंवा पाणीपुरवठ्याचे अभियंते पोहोचतात, ते बहुधा जीपसारख्या वाहनानेच. चारही चाकांना गती देणारे, उंच बांध्याचे आणि दगडधोंड्यांतून वाट काढणारे हे वाहन ग्रामीण विकासाच्या कामात फार मोलाचे ठरले आहे.

परंतु ज्या गुणांमुळे जीप आडवाटेला उपयोगी पडते, त्याच गुणांत तिचे दोषही दडलेले आहेत. तिची उंची अधिक, त्यामुळे गुरुत्वमध्य वर, रुंदी बेताची, आणि जुन्या जीपचे छत म्हणजे कमानींवर ताणलेले कापड. असे वाहन उतारावर आडवे झाले की कलंडण्याची भीती असते आणि कलंडल्यावर प्रवाशाचे रक्षण करील असे काहीच उरत नाही. म्हणून अनेक ठिकाणी जीपवर लोखंडी नळ्यांचा संरक्षक पिंजरा, म्हणजेच रोल केज, बसविला जातो आणि त्यालाच सीट बेल्ट जोडले जातात. हे काम योग्य रीतीने झाले तर जीव वाचतो. ते निष्काळजीपणे झाले, तर पिंजरा आणि पट्टा दोन्ही असूनही प्रवासी असुरक्षितच राहतो. यामागील तत्त्वे कोणती आणि ती प्रत्यक्षात कशी उतरवावीत, याचा विचार या लेखात केला आहे.

पिंजऱ्याचे काम आणि पट्ट्याचे काम

पिंजरा आणि पट्टा यांची कामे वेगवेगळी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वाहन उलटले असता प्रवाशाच्या भोवतीची जागा चेपू न देणे, हे पिंजऱ्याचे काम. त्या राखलेल्या जागेतच प्रवाशाला धरून ठेवणे, हे पट्ट्याचे काम. पट्टा नसेल, तर वाहन कलंडताना प्रवासी बाहेर फेकला जातो आणि त्याच वाहनाखाली सापडतो. किंवा आतल्या आत त्याचे डोके पिंजऱ्याच्याच पोलादी नळीवर आदळते. उलटपक्षी, पट्टा आहे पण भोवतीची जागाच टिकत नाही, अशी स्थिती असेल तर उलटण्याच्या अपघातात पट्ट्याचा उपयोग अपुरा पडतो. दोन्ही मिळूनच एक व्यवस्था पूर्ण होते.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मोटार शर्यतींच्या वाहनांत पिंजरा असतो, तेव्हा चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि खांद्यांवरून व कमरेवरून जाणाऱ्या अनेक पट्ट्यांनी तो आसनाला जखडलेला असतो. दौऱ्यावर निघालेल्या तलाठ्याच्या किंवा आरोग्यसेविकेच्या डोक्यावर शिरस्त्राण नसते. त्यामुळे डोके, गुडघे किंवा कोपर जेथे पोहोचू शकेल, अशा प्रत्येक नळीवर जाड, सहज पेट न घेणारे गादीसारखे आवरण असलेच पाहिजे. उघडी नळी डोक्याजवळ ठेवणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा धोका विकत घेणे होय.

सीट बेल्टची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून तयार झालेल्या मूळ लष्करी जीपला दारे नव्हती. दाराच्या जागी एक आडवी पट्टी अडकवलेली असे; आजच्या अर्थाचा सीट बेल्ट तिला नव्हता. महिंद्रा कंपनीने विलिज जीप भारतात आणून तिची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढे हीच जीप शासकीय दौऱ्याचे जणू बोधचिन्ह बनली. सीट बेल्टचा विचार मात्र आपल्याकडे बऱ्याच उशिरा आला.

मानवी शरीर नीट बांधलेले असेल तर ते किती मोठा आघात सोसू शकते, याचा पडताळा अमेरिकेत १९५४ साली आला. जॉन पॉल स्टॅप या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतःला रॉकेटच्या गाड्यावर बांधून घेतले आणि गाडा थांबताना गुरुत्वाच्या ४६ पटींहून अधिक मंदन सोसूनही तो जिवंत राहिला. १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी आज सर्वत्र दिसणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. बोलिन यांनी त्यापूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केले होते. छातीवरून तिरपा आणि कमरेवरून आडवा जाणारा एकच सलग पट्टा, एका हाताने लावता येईल असा, ही त्यांची मुख्य कल्पना. या शोधाचे एकस्व व्होल्वोने इतर निर्मात्यांनाही खुले केले. १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावणे सक्तीचे केले.

आघाताचा हिशेब

पट्टा कोठे आणि कसा बांधावा, हे समजण्यासाठी आधी त्याच्यावर येणारा भार किती, हे समजले पाहिजे. शिक्षकांना वर्गात सहज मांडता येईल असा हा हिशेब आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर ही उंची सव्वासहा मीटर होते आणि ताशी ६० किलोमीटरला ती सुमारे १४ मीटर भरते. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट होते.

आता ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस ताशी ५० किलोमीटर वेगावरून अर्ध्या मीटर अंतरात थांबला असे समजू. त्याचे मंदन गुरुत्वाच्या जवळजवळ २० पट भरते आणि त्याला थांबविण्यासाठी सुमारे १३,५०० न्यूटन, म्हणजे साधारण १,३७५ किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून आपण स्वतःला सावरू, ही समजूत किती भाबडी आहे, हे यावरून कळून येईल.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा क्रमांक १४ चा नियम पट्टा जोडण्याच्या जागांविषयी आहे. प्रवासी मोटारीतील तीन बिंदूंच्या पट्ट्यासाठी छातीच्या भागावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागावर आणखी १३,५०० न्यूटन ओढ देऊन त्या जागा तपासाव्यात, असे तो सांगतो. केवळ कमरेचा पट्टा असेल, तर ही ओढ २२,२५० न्यूटन धरली जाते. आपल्या देशात पट्टा आणि तो जोडण्याच्या जागा यांसाठी एआयएस-००५ आणि एआयएस-०१५ ही वाहन उद्योग मानके आहेत.

या आकड्यांचा अर्थ असा, की पुढील दोन आसनांचे पट्टे पिंजऱ्याला जोडले, तर केवळ खांद्याच्या बाजूने सुमारे पावणेतीन टन वजनाइतकी ओढ सोसण्याची तयारी त्या पिंजऱ्यात हवी. ही ओढ पिंजऱ्याच्या पायापासून जवळजवळ एक मीटर उंचीवर, पुढच्या दिशेने लागते. पहारीने दगड उचकटताना जो न्याय लागू पडतो, तोच येथे लागू पडतो. उंचीवरची ओढ पायाशी कितीतरी मोठा पीळ निर्माण करते. म्हणून मागच्या बाजूस तिरके आधार नसलेली एकच उभी कमान पट्ट्यासाठी पुरेशी मानू नये.

गुंडाळणारी पेटी कशी चालते

पूर्वीचे पट्टे स्थिर लांबीचे असत. ते प्रत्येकाने आपल्या अंगाप्रमाणे ओढून घट्ट करावे लागत आणि बहुतेक जण ते सैलच ठेवीत. ही अडचण गुंडाळणाऱ्या पेटीने, म्हणजे रिट्रॅक्टरने, दूर केली. पेटीत एक रीळ आणि एक स्प्रिंग असते. पट्टा ओढला की तो सुटतो, सोडला की आपोआप आत जातो आणि अंगाबरोबर राहतो. चालकाला वाकून चाकापुढचा दगड पाहता येतो. पण आघात होताच रीळ जागच्या जागी अडकते.

हे अडकणे दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार पट्ट्याच्या झटक्यावर अवलंबून आहे. पट्टा एकदम वेगाने ओढला गेला, की रिळावरील दाते अडकतात. दुसरा प्रकार वाहनाच्या हालचालीवर अवलंबून आहे. पेटीत एका छोट्या वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते, किंवा एक लहान लंबक टांगलेला असतो. वाहनाचा वेग अचानक कमी झाला किंवा ते फार कलले, की गोळी जागा सोडते, वरची कळ उचलते आणि रीळ अडकते. गवंड्याचा ओळंबा जसा भिंत उभी आहे की कलली आहे हे सांगतो, तसेच काम ही गोळी करते.

युरोपीय आयोगाच्या क्रमांक १६ च्या नियमानुसार, प्रवासी मोटारीत वापरली जाणारी पेटी बसविण्याच्या मूळ स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलली, तर अडकता कामा नये; आणि २७ अंशांहून अधिक कलली, तर अडकलीच पाहिजे. वाहनाचे मंदन गुरुत्वाच्या ०.४५ पटीला पोहोचेपर्यंत तिने रीळ अडकविले पाहिजे. बस व मालवाहू वाहनांत चालणारा याच पेटीचा आणखी एक प्रकार आहे. त्याच्या बाबतीत हे आकडे ४० अंश आणि ०.८५ पट असे अधिक आहेत.

बारा अंश म्हणजे साधारण ५ मीटर अंतरात १ मीटर चढ. सत्तावीस अंश म्हणजे २ मीटर अंतरात १ मीटर चढ. घाटातील आखलेला रस्ता इतका उभा नसतो. परंतु ओढ्याच्या काठावरून किंवा बांधावरून जीप उतरविताना इतका कल सहज येतो. अशा वेळी वाहन उभे असतानाही पट्टा बाहेर येईनासा होतो. तो बिघाड नसून पेटी आपले काम करीत असल्याची खूण आहे. म्हणून अवघड उतार सुरू होण्यापूर्वी, सपाट जागेवरच पट्टा लावून घ्यावा, अशी शिस्त चालकांना घालून दिली पाहिजे.

सर्वांत मोठी चूक : पेटीचा कोन

पिंजऱ्यावर पेटी बसविताना होणारी सर्वांत सामान्य चूक या ओळंब्याशी संबंधित आहे. मोटारीच्या कारखान्यात पेटीसाठी ठराविक कोनाची जागा तयार केलेली असते. जीपच्या पिंजऱ्याची मागची नळी मात्र पुष्कळदा मागे झुकलेली असते. कारागीर सोयीसाठी पेटी त्या नळीलाच समांतर जोडून टाकतो. नळी १५ अंश झुकलेली असेल, तर सपाट जमिनीवरही गोळी १२ अंशांची मर्यादा ओलांडून बसते. मग पट्टा वारंवार अडकतो, चालक वैतागतो आणि चार दिवसांत पट्टा आसनामागे कोंबला जातो. शिवाय अशी पेटी एका बाजूस नको तितकी हळवी आणि विरुद्ध बाजूस मंद होते. एखाद्या पेटीचा गोळीचा भाग कायम निकामी होऊन ती केवळ झटक्यावर विसंबून राहिली, तर हे वरवर पाहून कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. नळी आणि पेटी यांच्यामध्ये योग्य कोनाची मजबूत पोलादी पट्टी किंवा ब्रॅकेट बसवून पेटी निर्मात्याने सांगितलेल्या स्थितीत आणावी. वाहन सपाट जागी, चाकांत नेहमीची हवा व नेहमीचे ओझे असताना ओळंबा लावून ही स्थिती तपासावी. पेटी उलटी, आडवी किंवा छताच्या नळीला लटकती बसवायची असेल, तर त्याच स्थितीसाठी बनविलेली पेटी घ्यावी. डाव्या आणि उजव्या बाजूच्या पेट्या पुष्कळदा वेगळ्या असतात. त्यांची अदलाबदल करू नये. भंगारातून काढलेली पेटी तर मुळीच वापरू नये. कारण ती कोणत्या अपघातातून आली आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

जोडण्याच्या जागा

तीन बिंदूंच्या पट्ट्याला वर खांद्याजवळ एक आणि खाली कमरेच्या दोन्ही बाजूंस दोन, अशा जागा लागतात. पेटी पायाशी बसविली असेल, तर पट्टा खांद्याजवळच्या फिरत्या कडीतून वळून खाली येतो. या कडीची जागा प्रवाशाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वर, आणि खांद्याच्या मागे असावी. कडी खांद्याहून खाली असेल, तर आघाताच्या वेळी पट्टा खांदा खाली दाबतो आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. पट्टा मानेला घासू नये आणि दंडावरून घसरू नये. तो खांद्याच्या मध्यातून छातीवर यावा.

कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर ओटीपोटाच्या खाली, नितंबाच्या हाडांवर टेकला पाहिजे. त्यासाठी बाजूने पाहता तो क्षितिजाशी साधारण ४५ ते ८० अंशांचा कोन करून खाली जावा. कोन फार सपाट असेल, तर शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते, पट्टा पोटावर चढतो आणि आतील अवयवांना इजा करतो. आसन पुढे-मागे सरकणारे असेल, तर दोन्ही टोकांच्या स्थितीत हे सर्व कोन पुन्हा तपासावेत.

खांद्याजवळच्या कडीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पट्टा तेथे वळतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची ओढ कडीवर एकत्र येते. पट्ट्याचे दोन भाग काटकोनात वळत असतील, तर कडीवर एका बाजूच्या ओढीच्या सुमारे १.४ पट भार पडतो. म्हणजे पेटीपेक्षाही कडीची जागा अधिक मजबूत हवी.

नळीला भोक पाडू नये

पिंजऱ्याच्या नळीला सरळ आरपार भोक पाडून त्यातून बोल्ट घालणे, ही गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी पद्धत अत्यंत धोक्याची आहे. नळीची भिंत जेमतेम दोन-अडीच मिलीमीटर जाडीची असते. बोल्ट आवळताच ती चेपते, भोकाच्या कडेला तडा सुरू होतो आणि आघाताच्या वेळी बोल्ट भिंत फाडून बाहेर येतो. शिवाय भोकातून पाणी आत शिरते आणि नळी आतून गंजते.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या शर्यतींच्या नियमांत यावर स्पष्ट उपाय दिला आहे. पट्टा पिंजऱ्याच्या आधारनळीला बोल्टने जोडायचा असेल, तर प्रत्येक जागी नळीच्या आरपार पोलादी बुश बसवून तो दोन्ही बाजूंनी वेल्ड करावा आणि त्यातून बोल्ट घ्यावा. बोल्ट १२ मिलीमीटर व्यासाचा व ८.८ प्रतीचा, किंवा ७/१६ इंची बारीक आट्यांचा असावा. पट्टा वाहनाच्या पत्र्याला जोडायचा असेल, तर पत्र्याच्या मागे किमान ३ मिलीमीटर जाड आणि किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी असली पाहिजे. हे नियम शर्यतींच्या वाहनांसाठी असले, तरी त्यांमागील तत्त्व आपल्यालाही मार्गदर्शक आहे. भार एका बिंदूवर न येता विस्तृत जागेवर पसरला पाहिजे, हे ते तत्त्व होय. साधा वॉशर लावून पातळ पत्र्याला जोडलेला बोल्ट कागदातून टाचणी निघावी तसा निघून येतो.

पिंजऱ्याच्या नळीविषयीही याच नियमांत मोजमाप आहे. मुख्य कमान ओतीव सांध्याविना थंड ओढीच्या कार्बन पोलादाची, ४५ मिलीमीटर व्यास व २.५ मिलीमीटर जाडीची किंवा ५० मिलीमीटर व्यास व २ मिलीमीटर जाडीची असावी. तिच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची व ३ मिलीमीटर जाडीची पट्टी असावी. याच्या तुलनेत शोभेसाठी बसविलेल्या चकचकीत नळ्या, हूडच्या बारीक कमानी किंवा पाणीपुरवठ्याच्या जस्तलेपित जीआय पाइपाचा पिंजरा यांवर पट्टा कधीही बांधू नये. जस्ताचा लेप वेल्डिंग कमकुवत करतो आणि त्याचा धूर कारागिराच्या आरोग्यालाही घातक असतो.

वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी आणि सर्व पट्टे वाहनातून काढून दूर ठेवावेत. वेल्डिंगची एक ठिणगीही पट्ट्याचे धागे वितळवून त्याची ताकद कमी करते.

जुन्या जीपच्या विशेष अडचणी

जुन्या जीपची बॉडी आणि चासी हे दोन वेगळे भाग असून ते मध्ये रबरी गाद्या ठेवून बोल्टने जोडलेले असतात. जोराच्या आघातात हे दोन भाग एकमेकांवर सरकू शकतात. पट्ट्याचे वरचे टोक बॉडीवरच्या पिंजऱ्याला आणि खालची टोके चासीला जोडली असतील, तर ऐन आघाताच्या क्षणी पट्टा एका बाजूला सैल व दुसऱ्या बाजूला जीवघेणा घट्ट होण्याचा संभव असतो. म्हणून आसन, पिंजरा आणि पट्ट्याची तिन्ही टोके एकाच भागाशी निगडित असावीत, किंवा पिंजऱ्याचे पाय चासीशी पक्के जोडलेले असावेत. आसनाचे स्वतःचे बोल्टही याच कसोटीवर तपासावेत.

दुसरी अडचण गंजाची. कोकणातील खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात बॉडीचा पत्रा खालून पोखरला जातो. वरून मात्र रंग शाबूत दिसतो. पट्टा बसविण्यापूर्वी तळाचा पत्रा हातोडीने ठोकून पाहावा. गंजलेल्या पत्र्यावर नवी पट्टी वेल्ड करणे म्हणजे भुसभुशीत भिंतीत खुंटी ठोकणे होय. तो भाग कापून नवा पत्रा घालणे हाच उपाय आहे.

तिसरी अडचण मागच्या आडव्या बाकांची. समोरासमोर बसण्याच्या अशा बाकांवर प्रवासी वाहनाच्या दिशेकडे तोंड करून बसत नाही. तीन बिंदूंचा पट्टा पुढे तोंड केलेल्या आसनासाठी बनविलेला आहे. आडव्या बाकावर तो लावला, तर आघाताच्या वेळी छातीवरचा पट्टा मानेत रुतू शकतो. आडवाटेने माणसे नेणाऱ्या शासकीय वाहनांत शक्य तेथे पुढे तोंड असलेली आसने असणे, हे यामुळे अगत्याचे ठरते.

चाचणी आणि देखभाल

पट्टा बसवून झाल्यावर तो हाताने झटका देऊन पाहतात आणि तो अडकला की काम झाले असे मानतात. परंतु यातून केवळ झटक्याची बाजू तपासली जाते. गोळीची बाजू तपासण्यासाठी पेटी बसविण्याआधी ती हातात धरून, पट्टा हळूहळू ओढत चारही दिशांना वाकवून पाहावी. विशिष्ट कलानंतर ती प्रत्येक दिशेला अडकली पाहिजे. बसविल्यानंतर मोकळ्या मैदानावर ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने जाऊन जोराने ब्रेक लावावा आणि पट्टा अडकतो की नाही, हे पाहावे. अशा चाचण्यांनी जोडणीची ताकद मात्र कळत नाही. ती साहित्याच्या दर्जावर आणि कारागिरीवर अवलंबून असते. मानकांनुसार बळाची चाचणी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रयोगशाळेतच होऊ शकते.

देखभालीचे नियम थोडके आहेत. पट्टा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा; धुलाईची तीव्र रसायने वापरू नयेत. पेटीत तेल घालू नये, कारण त्याला धूळ चिकटून गोळी अडकते. पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील, तो कापला गेला असेल किंवा बॅटरीच्या आम्लाचा डाग पडला असेल, तर तो बदलावा. पट्टा लावलेला असताना मोठा अपघात झाला असेल, तर पट्टा वरवर ठीक दिसला तरी पेटीसह पूर्ण संच बदलावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर जोडण्याचे बोल्ट तपासून तशी नोंद वाहनाच्या नोंदवहीत करावी.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १९९३ साली झालेल्या दुरुस्तीने मोटारींच्या चालकाच्या व पुढील आसनासाठी सीट बेल्ट बसवून देण्याचे बंधन निर्मात्यांवर आले. नियम १३८ नुसार चालकाने, पुढील आसनावरील प्रवाशाने आणि मागे पुढच्या दिशेला तोंड करून बसलेल्या प्रवाशांनीही पट्टा लावणे आवश्यक आहे. २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने आलेल्या कलम १९४-बी मध्ये पट्टा न लावणाऱ्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

वाहनात बदल करण्यासंबंधी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ महत्त्वाचे आहे. निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल, असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ मान्य केला. त्यामुळे जीपवर पिंजरा चढविण्यापूर्वी किंवा आसनव्यवस्था बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाशी लेखी संपर्क साधणे आणि विमा कंपनीस कळविणे इष्ट होय. नवीन वाहन खरेदी करताना मात्र हा प्रश्न सहज टाळता येतो. निर्मात्यानेच पिंजरा आणि पट्टे बसवून, चाचणी करून दिलेले वाहन निवडावे. गॅरेजमधील उत्तम कामाहूनही ते अधिक भरवशाचे असते.

ट्रॅक्टरचा धडा

हाच विचार गावोगावच्या ट्रॅक्टरलाही लागू पडतो. ट्रॅक्टर मागे किंवा बाजूला उलटून चालक त्याखाली चिरडला जाणे, हा शेतीतील अत्यंत भीषण अपघात होय. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून रक्षण करणारी पोलादी चौकट सक्तीची केली. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांवर अशी चौकट नसते.

येथील नियम सोपा आहे. चौकट असेल आणि ती उभी केलेली असेल, तर पट्टा अवश्य लावावा. म्हणजे चालक चौकटीने राखलेल्या जागेत राहील. चौकट नसेल किंवा घडी घालून खाली केलेली असेल, तर ट्रॅक्टरवर पट्टा लावू नये. कारण तेथे राखलेली जागाच नसते. जीपचे मात्र असे नाही. जीप रस्त्यावर वेगाने धावते आणि समोरून धडक होण्याचा धोका तिला नेहमीच असतो. म्हणून जीपमध्ये पिंजरा असो वा नसो, पट्टा लावलाच पाहिजे. नवीन ट्रॅक्टर घेताना चौकट असलेले मॉडेल मागण्याविषयी ग्रामसभेत चर्चा झाल्यास शेतकऱ्यांचे लक्ष या गोष्टीकडे वेधले जाईल.

उपसंहार

सीट बेल्टकडे पाहताना आपले लक्ष बहुधा पट्ट्याकडे जाते. वस्तुतः पट्टा हा साखळीतील एक दुवा आहे. पट्टा, पेटी, कडी, बोल्ट, बुश, नळी, पिंजऱ्याचा पाय आणि त्याखालचा पत्रा अशी ती साखळी आहे आणि तिची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतकीच असते. कापडी पट्टा तुटून माणूस दगावण्यापेक्षा तो जोडलेली जागा उपटली जाण्याची भीती अशा घरगुती जोडणीत अधिक असते.

पंचायत समित्या, वनविभाग, आरोग्य केंद्रे आणि आश्रमशाळा यांच्याकडील आडवाटेच्या वाहनांची वर्षातून एकदा या दृष्टीने तपासणी करणे फार खर्चाचे नाही. एक ओळंबा, एक हातोडी, एक पाना आणि जाणकार यांत्रिकी एवढ्यावर ती होऊ शकते. शिक्षकांनी वर्गात आघाताचा हिशेब मांडावा, यांत्रिकांनी पेटीचा कोन तपासावा आणि अधिकाऱ्यांनी दौऱ्याला निघताना स्वतः प्रथम पट्टा लावावा. अधिकाऱ्याने लावलेला पट्टा पाहून चालकही तो लावतो आणि मागे बसलेला शिपाईही. दुर्गम गावी पोहोचणारे प्रत्येक पथक सुखरूप परत आले, तरच त्या गावच्या विकासाचे काम दुसऱ्या दिवशीही चालू राहील.